डाव्या कोपऱ्यात

१४ मार्च

ती. दादास,
सा. नमस्कार.

पत्र बघून हसशील. आजकाल पत्र कोण लिहितं! पण तू फोन उचलत नाहीस, आणि घरी केला की वहिनी म्हणतात, "आंघोळीला गेलेत." सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, संध्याकाळीही आंघोळच. इतकं पाणी येतं कुठून तुमच्याकडे? म्हणून म्हटलं, कागदच बरा. तो दारात पडून वाट तरी बघतो.

आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, माझाही तसाच कुरकुरतो, म्हणजे तिने मला काहीच दिलं नाही असं नाही. लेकीची परीक्षा झाली, गणित सोपं गेलं म्हणते. हिचं पाठीचं दुखणं आहे तसंच. खोलीही तीच, क्लबने दिलेली. पलंग नेहमीप्रमाणे माझ्यापेक्षा आखूड, पायथ्याशी खुर्ची लावून झोपतो. दारावर माझ्या आधी इथे राहिलेल्या खेळाडूची पाटी होती. ती मी आल्या आल्या काढली, पण चिकटपट्टीचे चार डाग राहिलेत. मागच्या महिन्यात ही म्हणाली, त्या डागांवर आता आपली पाटी लावूया. लग्न झाल्यापासून आम्ही कुठेच पाटी लावली नाही, दादा. बास्केटबॉलचे नऊ क्लब झाले माझे. कुठे एक हंगाम, कुठे अर्धा, एका ठिकाणी तर कोणाचा तरी पाय बरा होईपर्यंत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर; विंचू कशाला पाटी लावतोय!

पण यंदा हिला पाटी सुचली, त्याला कारण होतं. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. आमच्या मॅनेजरांनी शब्द दिला होता की शेवटचा सामना जिंकून वरच्या गटात गेलो, तर मला दोन वर्षांचा करार आणि पुढे इथेच मुलांच्या संघाचा कोच म्हणून काम. म्हणजे कायमचं. ही त्याच संध्याकाळी बाजारात गेली आणि पडदे घेऊन आली. पडदे! आम्ही आजवर खिडकीला चादरच लावत आलो. लेकीला इथे पहिल्यांदा जिवाभावाची मैत्रीण मिळालीय, दोघी एकाच बाकावर बसतात. ती मला म्हणाली, "बाबा, मग सामानाची खोकी फेकून देऊ का?" मी म्हटलं, दे. कार्टी खरंच खाली कचऱ्यात नेऊन ठेवून आली.

सामन्याबद्दल लिहायचंच नाही, असं ठरवून बसलो होतो. कोच म्हणून तू जिंकलास, अभिनंदन. तुमचा संघ चांगला आहे. तुझी मुलाखतही वाचली. "माझ्या भावाचं आता वय झालंय. दमलेल्या खेळाडूचं शेवटी शेवटी डोकं चालत नाही. घरचा माणूस म्हणून वाईट वाटतं." उचलली जीभ लावली टाळ्याला. घरचा माणूस म्हणे! हे वाचून हिने तो पेपर खरकटं काढायला वापरला.

व्हिडिओ तू पाहिला असशीलच. सगळ्यांनी पाहिलाय. आम्ही एका गुणाने पुढे, अर्धं मिनिटसुद्धा उरलेलं नाही, चेंडू तुमच्याकडे. तुमच्या त्या बुटक्याला मी धरून आहे. दमलोय, पण त्याला हलू देत नाहीये. आणि एकदम मी त्याला सोडतो. कोणी ढकलत नाही, पाय घसरत नाही. सरळ पळत डाव्या कोपऱ्यात जातो, वळतो आणि दोन्ही हात वर करून उभा राहतो. पास मागतोय मी! तुमच्या संघाकडे! तोवर बुटक्याने आरामात चेंडू बास्केटमध्ये टाकला होता. व्हिडिओला आवाज नाही, कोणीतरी त्यावर बँडचं संगीत चढवलंय. शाळेत लेकीच्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत हात वर करून कोपऱ्यात उभी राहतात.

हसण्याचं मला काही नाही रे. नऊ क्लबांत लोक हसलेत, शिव्या दिल्यात, एका ठिकाणी बाटली मारली होती. पण इथे लोक हसून थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सरावाला गेलो तर कपडे बदलायच्या खोलीत माझ्या दोन्ही बाजूंची बाकं रिकामी. आमचा मालिशवाला, ज्याच्याशी मी पहिल्या दिवसापासून दोस्ती केली, तोही पाय चोळताना वर बघेना. मग एकाने तोंड उघडलं. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस आपल्यात आहे," म्हणाला. "भावाला जिंकवून दिलं." मी उठलो, त्याची कॉलर धरली, बाकीच्यांनी सोडवलं. मॅनेजरांनी बोलावून घेतलं. ते ओरडले असते तर बरं होतं. पाणी दिलं आणि म्हणाले, "तुला काही सांगायचं असेल तर शुक्रवारपर्यंत सांग. नाहीतर आम्ही समजायचं ते समजू."

काय सांगू मी त्यांना?

तुला माहितीये मी का पळालो. तू आणि मी, एवढ्या दोघांनाच माहितीये.

तू ओरडलास, "फाटक!"

त्यांना हे समजावायचं कसं? त्यांना सांगू की आमच्या लहानपणी छापखान्यामागच्या मैदानात एकच बास्केट होती, डाव्या कोपऱ्याशेजारी लोखंडी फाटक होतं, आणि दादा "फाटक" म्हणाला की मी हातातलं सोडून तिकडे पळायचो, कारण पुढच्या क्षणी चेंडू तिथे यायचाच? की जेवायला बसलो असतानासुद्धा तू गंमत म्हणून ओरडायचास आणि मी घास टाकून उठायचो, आणि बाबा आपल्या दोघांना बदडायचे? की पुढे तुझ्याच क्लबात दोन वर्षं तोच डाव आपण खेळलो आणि त्यावर तुझं नाव झालं? पायांना कळत नाही रे, यंदा अंगात कोणत्या रंगाची बनियन आहे. डोक्याला कळेपर्यंत मी पोचलो होतो.

आधी मला वाटलं, तुमच्यात अजून तोच डाव असेल. तू आपल्या पोरांना सांगत होतास आणि मधे मी मूर्ख सापडलो. बरंही वाटलं थोडं. पण सामना संपल्यावर बोळात बुटका भेटला. भला मुलगा आहे. म्हणाला, "काका, कोच शेवटी काय ओरडले हो? मी दोन वर्षं आहे इथे, आमच्यात फाटक-बिटक काही नाही. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो."

तुझ्या पोरांना जो शब्द माहीतच नाही, तो तू कोणासाठी ओरडलास?

दोनच गोष्टी असू शकतात. एक, तू मुद्दाम केलंस. दुसरी, तुझ्याही तोंडून निसटलं. सामना हातातून चाललाय, जीव वर आलाय, आणि अशा वेळी तुझ्या तोंडात आपसूक माझी हाक आली. मी कोणत्या बाजूला आहे हे माझ्यासारखंच तूही विसरलास. मी रोज सकाळी उठून ठरवतो की हे दुसरंच खरं. मग तुझी मुलाखत आठवते.

तुझ्या क्लबातून मला काढलंस तेव्हा मी भांडलो नाही. "भाऊ म्हणून ठेवलाय असं लोकांनी म्हणायला नको," एवढंच म्हणालास, तेही बस सुटताना, खिडकीतून. ठीक आहे. भाऊ म्हणून तू मला ठेवलं नाहीस, आणि तुझा भाऊ म्हणून आता हे ठेवत नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ; तक्रार कोणाकडे करायची?

ओरडण्यात नियमाविरुद्ध काही नाही, मला कळतं. तुझं काही बिघडणार नाही. शुक्रवारच्या आत आमच्या मॅनेजरांना एक फोन कर आणि सांग की तू काय ओरडलास. बाकी काही मागत नाही. आजवर तुझ्याकडे काही मागितलंही नाही, हेही खरंय, कारण तू कधी विचारलं नाहीस.

आईला यातलं काही बोलू नकोस.

उत्तराची वाट बघणारा,
तुझा धाकटा


२७ मार्च

दादास,
नमस्कार. सगळे ठीक.

तू फोन केलास, उपकार झाले. तुला माहीत नसेल, मॅनेजरांनी फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला होता आणि मी समोर बसलो होतो. आमचे कोचही होते. तुझा आवाज खणखणीत येत होता. "होय, मी मुद्दाम ओरडलो. तो जाणार हे मला माहीत होतं. लहानपणापासून जातो. यात त्याचा दोष नाही." आणि मग तू थोडासा हसलास.

मॅनेजरांनी उठून माझा हात हातात घेतला. "माफ कर," म्हणाले. ज्याची कॉलर धरली होती त्यानेही येऊन मिठी मारली. मालिशवाल्याच्या डोळ्यांत पाणी. मी घरी जाऊन हिला सांगितलं, सुटलो.

दोन दिवसांनी कोचनी बोलावलं. सरळ माणूस आहे, आडपडदा नाही. म्हणाले, "तू प्रामाणिक आहेस, यात शंका नाही. पण मला सांग, तू नऊ क्लबांत खेळलायस. नऊ कोचांचे डाव तुझ्या पायांत आहेत. उद्या त्यातला आणखी कोणी बाहेरून ओरडला तर?" मी म्हटलं, "असं पुन्हा होणार नाही." ते म्हणाले, "तू जाणूनबुजून केलं असतंस तर मी असं म्हणणं ऐकलं असतं. तू न जाणता केलंस. त्याची हमी तू कशी देणार?"

मी उठून घरी आलो. तुला याचं उत्तर सुचतं का बघ.

म्हणजे लबाड ठरलो असतो तर इज्जत गेली असती, निर्दोष ठरलो तर नोकरी गेली. करार नाही, मुलांच्या संघाचं कामही नाही. महिनाअखेरीला खोली सोडायची आहे. लेकीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि वाण्याकडून रिकामी खोकी मागून आणली. मोठी झाली आमची पोर. मला वाटतं त्याच दिवशी झाली.

तोवर आईचा फोन आला. "दादा म्हणतोय, त्याच्या क्लबात मुलांच्या संघाला कोच हवाय. कायमचं काम. घर मिळेल, शाळा समोरच आहे. ये म्हणावं." दादा म्हणतोय! दादाला तोंड नाही का? पण तेही जाऊ दे. मी आईला नाही म्हणालो. चार दिवस नाहीच म्हणत होतो. अन्नाला चव नव्हती, घरात कोणाशी धड बोलत नव्हतो. शेवटी ही भडकली. "तुम्ही दोघं भाऊ जन्मभर भांडा," म्हणाली, "पण एका गावात राहून भांडा. मला माझ्या पोरीची शाळा एका जागी पाहिजे. तुमचा मान ठेवायला आपल्याकडे जागा तरी आहे का? खोली सोडायचीय एकतीसला."

मी खोकी भरायला घेतली.

तर मी येतोय, दादा. पहिल्या तारखेला हजर होतो. पण आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर वहिनींना वाईट वाटायला नको. जेवायला बोलावू नका. आईला भेटायला मी येईन, तू बाहेर असशील तेव्हा. मैदानावर सगळे तुला सर म्हणतात, मीही सरच म्हणेन. मला काही सांगायचं असेल तर जवळ येऊन सांगायचं. लांबून हाक मारायची नाही.

आणि एक सांगू? त्या दिवशी टेबलावरच्या फोनमधून तुझा आवाज आला, तेव्हा मला नोकरीची आठवणही नव्हती. मी एवढंच ऐकायला बसलो होतो की तू म्हणशील, निसटलं माझ्या तोंडून. खोटं म्हणाला असतास तरी चाललं असतं. मी जन्मभर खरं धरलं असतं. तुझ्या एका खोट्यावर मी सगळं सोडून दिलं असतं, ती बस, ती मुलाखत, सगळं. तू नेमकं तेव्हाच खरं बोललास.

घर मिळतंय म्हणून येतोय. भाऊ मिळतोय म्हणून नाही.

आईला नमस्कार सांग.

कळावे. लोभ होता.