दोघांत एक जागा

प्रिय मुंगे,

दोन बसथांबे सोडून राहणाऱ्या बहिणीला कुणी टपालानं पत्र पाठवतं का, असं तू पाकिटावरचं माझं अक्षर बघून म्हणशील. तुझी वहिनीही सकाळपासून तेच म्हणतेय, की पाय धड आहेत तर चालत जा आणि तोंडावर सांगा. पण तोंडावर सांगायला आलो की काय होतं ते मला माहीत आहे. तू चहा टाकतेस, मी तुझा गळका नळ बघायला बसतो, दाजी काहीतरी विनोद करतात, आणि सांगायचं ते तसंच पोटात घेऊन मी घरी येतो. बावीस वर्षं असाच परत येतोय. कागद चहा विचारत नाही, म्हणून या वेळी कागद.

मंगळवारी तुझी लेक माझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानात आली होती. मी एका शब्दकोशाच्या पाठीला खळ लावत होतो, हात गुंतलेले. ती स्टुलावर बसली आणि कापून टाकलेल्या कागदाच्या पट्ट्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, आई अजून बोलत नाही. ताट वाढून ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाते. कधी दार जोरात लावते, तेवढाच काय तो आवाज. विमान कंपनीच्या काउंटरवरची नोकरी तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवली, सहा आठवडे शिकून पहिल्या नंबरानं बाहेर पडली, आणि तू तिला सांगितलंस की तो गणवेश माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. तो पाहिजे असेल तर आई नाही. मला वाटलं, पोरगी मामाला मध्ये घालायला आलीय. खोटं कशाला सांगू, छाती जरा फुगलीच. म्हटलं, मी बोलतो तुझ्या आईशी, ती माझं ऐकते.

तुझा राग मला माहीत नाही असं नाही. ती हकिकत तू इतक्यांदा सांगितली आहेस की आता आपल्या घरातल्या कुणालाही ती झोपेत म्हणता येईल. बाबा शेवटच्या घटका मोजत होते, आपण दोघं विमानतळावर पोहोचलो, हातात पक्की तिकिटं होती, आणि कंपनीनं जागांपेक्षा जास्त तिकिटं विकून ठेवली होती. काउंटरवरच्या त्या चष्मेवालीनं यंत्रात बघितलं, तुझं नाव खोडलं, आणि तुझा बाप तुझ्याकडून हिरावून घेतला. तू सांगतेस, मी मान डोलावतो. तू त्या कंपनीला दोन वर्षं पत्रं लिहिलीस. ती सगळी पत्रं मी तुला शिवून, कापडी पाठ लावून बांधून दिली, आठवतं? सगळ्यात शेवटी त्यांचं उत्तर होतं, की झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत आणि संबंधित कर्मचाऱ्याला काउंटरवरून हटवलं आहे. ते पान मी स्वतःच्या हातानं शिवलं. सुई कुठं टोचली नाही.

आपण उशिरा पोहोचलो ते माझ्यामुळे, हे तर तुला ठाऊकच आहे. टॅक्सी दारात उभी, तू मागच्या सीटवर बसून हाका मारतेस, आणि मी आत दाढी करतोय. तू ओरडलीस, दादा, तिथं काय तुला मुलगी दाखवायचीय का! मी हसण्यावारी नेलं. पण मला बाबांसमोर नीटनेटकं जायचं होतं. चाळिशी ओलांडलेला माणूस, तरी मला वाटत होतं की या खेपेला त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघावं आणि कुठंच चूक सापडू नये. प्रुफं तपासण्यात ज्याचा जन्म गेला, तो बाप घरातही लाल शाई घेऊनच बसायचा. मी आठवीतून शाळा सोडली, ती एक खूण कायमची समासात राहिली. पुढे मी बांधायला आलेलं प्रत्येक पुस्तक आधी वाचून मग बांधत गेलो, त्यातून चार अक्षरं कमावली. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. तुझं वेगळं होतं. नऊ वर्षांची तू त्यांच्या गुडघ्याशी बसून मूळ प्रत मोठ्यानं वाचायचीस, स्वल्पविरामासकट, आणि ते छापलेल्या ओळीवरून बोट फिरवायचे. तुमच्या दोघांचा तो सूर मी बाहेरच्या पायरीवर बसून ऐकायचो. मला कुणी आत येऊ नको म्हटलं नव्हतं. कुणी ये असंही म्हटलं नव्हतं.

मावशीचा फोन आला तेव्हा ती काय म्हणाली होती? बाबा मुंगीला बोलावतायत. मला नव्हे. मी बरोबर निघालो इतकंच.

आता काउंटरचं सांगतो. सगळ्यांना सांगून झालं होतं की चार जणांनी उद्या जावं. हॉटेलातली खोली, जेवण, भरपाई, सगळं देऊ केलं, पण माणसं आपापल्या चपलांकडे बघत बसली. तीन नावं निघाली, आरडाओरडा झाला. तू मावशीला उशीर होतोय असं कळवायला टेलिफोनच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस. तेवढ्यात त्या चष्मेवालीनं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, काका, तुम्ही दोघं सगळ्यात शेवटी आलात, तुमच्या तिकिटावर एकच जागा देता येते. कोण जाणार ते तुम्ही ठरवा, मी दोन मिनिटं थांबते, ताईंना विचारून या. मुंगे, ती थांबणार होती. फोनची रांग तिथून वीस पावलांवर होती, तुझी पाठ मला दिसत होती. मी वळलोसुद्धा नाही. म्हणालो, मी जातो.

त्यानंतर मी कारणं शोधली, आणि शोधली की कारणं सापडतात. तुझं बाळ दीड वर्षाचं, घरी त्याला ताप. पुढं डॉक्टरांशी बोलायचं, धावपळ करायची, ती पुरुषमाणसानं केलेली बरी. तू उद्या दुपारी पोहोचशीलच, एका दिवसात काय होतंय. तू परत आलीस, ऐकलंस आणि त्या बाईवर तुटून पडलीस, तुला काळीज आहे का म्हणून विचारलंस. तिनं तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी बोलेन म्हणून ती वाट बघत होती. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. बांधलेलीच होती. तिनं का सांगितलं नाही, मला आजही कळलेलं नाही. भावाबहिणीच्या मध्ये कशाला पडा, असं वाटलं असेल. पुढे साहेबांसमोर तिनं सांगितलंही असेल, पण कुणी ऐकलं नसेल. साप सोडून भुई धोपटणं म्हणतात ना, तू बावीस वर्षं भुई धोपटते आहेस आणि साप दर रविवारी तुझ्याकडे चहाला येतो.

अजून एक आहे. मी पोहोचायच्या आधीच बाबांची शुद्ध गेली होती, असं मी तुला सांगितलं. तू आली असतीस तरी त्यांनी ओळखलं नसतं, उगाच जीवाला लावून घेऊ नकोस, असं म्हणालो. तूही ते धरून बसलीस, म्हणून आजवर तगलीस. ते खोटं आहे. मी दुपारी एकला पोहोचलो, बाबा सहाच्या सुमाराला गेले. ते पाच तास शुद्धीवर होते. मावशीला मीच गप्प केलं, मुंगीला सोसायचं नाही म्हणून. ती बिचारी ते पोटात घेऊनच गेली.

दार वाजलं की ते विचारायचे, आली? मी म्हणायचो, उद्या येतेय. मग म्हणाले, पेपर वाच. मी वाचायला बसलो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना वाचून दाखवत होतो, आणि चांगलं वाचत होतो गं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच म्हणाले, धावतोस कशाला, मुंगी स्वल्पविरामसुद्धा वाचते. मी स्वल्पविराम वाचायला लागलो. थोड्या वेळानं त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, दोघं बरोबर निघालात ना? म्हटलं, हो, पण तिला विमानात घेतलं नाही. तिला उतरवलं आणि तू कसा आलास? म्हटलं, कंपनीनं ठरवलं, बाबा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर तुला माहीत आहे. छापलेल्या पानात चूक आहे हे कळलंय, फक्त कुठल्या ओळीत ते शोधायचंय, अशी. मग म्हणाले, बरं. आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मावशीकडे पाणी मागितलं, माझ्याकडे नाही.

बाळाचा ताप नव्हे, डॉक्टरही नव्हेत. मला एक दुपार बाबा एकट्यासाठी हवे होते, तू नसताना. एवढंच कारण होतं. दुपार मिळाली, आणि त्या दुपारभर खोलीत तूच होतीस. तुला जायला मिळालं असतं तर तू त्यांच्याशी काय बोलली असतीस, त्यांनी तुला काय सांगितलं असतं, ते माझ्यापाशी नाही, मावशीपाशी नव्हतं, कुठंच नाही. ते मी हरवलं. चुकीची बांधणी उसवून पुन्हा शिवता येते, माझं पोट त्यावरच चालतं. याचं तसं काही करता येत नाही.

तुला वाटेल, म्हाताऱ्याला मरण दिसायला लागलं म्हणून हे सुचलं. तसं असतं तर बरं. तसं असतं तर मी आणखी दहा वर्षं गप्प बसलो असतो, माझं मन मला ओळखीचं आहे. मंगळवारी मी फुशारकीनं म्हटलं, बोलतो तुझ्या आईशी, तेव्हा तुझी लेक घड्या घालायची थांबली. म्हणाली, मामा, आम्हाला शिकवताना सांगितलं, एका तिकिटावर दोघं असतील आणि एकच जागा असेल, तर यंत्र ठरवत नाही. त्यांनाच विचारायचं, पूर्वीपासून तसंच आहे. एवढं बोलून तिनं माझ्याकडे बघितलं. मी खळीच्या भांड्यात बघत राहिलो. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. उठली, त्या पट्ट्या केराच्या डब्यात टाकल्या आणि म्हणाली, तुम्ही आईशी नका बोलू. मी सोमवारी जाऊन नोकरी नको म्हणून लिहून देते. आईला बाप भेटला नाही, आता भाऊ तरी राहू दे. मुंगे, तिला सगळं कळलंय, आणि तरी ती तुझ्यापुढे गुन्हेगार होऊन उभी आहे, माझ्यासाठी. मी शुक्रवारी सकाळी हे टाकतोय, शनिवारी तुझ्या हातात पडेल. वाचून झालं की आधी तिच्या खोलीत जा आणि तिच्याशी बोल. सोमवारी तिला गणवेशात घराबाहेर पडू दे. माझ्यासाठी दार उघडायचं की नाही, ते त्यानंतर सावकाश ठरव. मी या रविवारी येत नाही.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
दादा