घासलेली नदी

गुरु. २७ नोव्हें. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार.

घट मांडला, कहाणी वाचली. पाच फळांत पेरू आणि पपई घरचीच. हार विकतचा नाही, अंगणातली जास्वंद ओवली. लक्ष्मीला चालतं, तिला काटकसर कळते.

दुपारी आरती झाली नि एक मुलगी दारात. खांद्याला जाळी, पायात गमबूट. प्राची मॅडम. मुंबईच्या कॉलेजातल्या. सध्या जिते गावात खोली घेऊन राहतात, रोहा गाडीने येऊन-जाऊन करतात. तालुक्यातल्या नद्या-तळ्यांची तब्येत तपासायचं काम आहे. आमच्या नदीवर बचतगटाच्या बायका मदतीला हव्यात. गटाची अध्यक्ष मी, म्हणून माझ्याकडे धाडलं.

विचारलं, "पाण्याची बाटली भरून द्यायची ना?"
"ते मी करीन काकू. तुम्ही किडे मोजायचे."

उपासाच्या दिवशी किडे! प्रसाद दिला, हो म्हटलं.

शनि. २९

नदीच्या देवळापाठच्या वळणावर, ज्याला आम्ही कोंड म्हणतो तिथे, आम्ही पाच जणी. दगड हलकेच उलटायचा, खालच्या अंगाला जाळी धरायची, पायाने तळ ढवळायचा. जाळीत येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं नि बघत बसायचं. ट्रे एकच होता. मी घरची इनॅमलची परात नेली. दुसरी जाळी जुन्या मच्छरदाणीची शिवून नेली. मॅ. खूश.

आधी नुसता गाळ दिसला. मग गाळ चालायला लागला.

चपटी, तीन शेपट्यांची, दगडाला चिकटून बसणारी. चतुराची पिल्लं, तोंडाने भांडखोर. एक अळी वाळूचे कण चिकटवून नळी करते नि त्यात राहते, घर पाठीवर घेऊन हिंडते. वाडीवरची बारकी म्हणाली, "हिचं बरं हाय. घरपट्टी नाय, सासू नाय." बारकी आमच्या वालाच्या शेतात कामाला येते, गटातही आहे. तिच्या जिभेला हाड नाही.

नाजूक किड्याला जास्त मार्क. चिवटाला कमी. लाल अळी कुठल्याही घाणीत जगते म्हणून तिला एकच. सगळ्यांची सरासरी काढायची, ती नदीची. हिशेब मला एका दमात कळला. मॅ.ना विचारलं, पाणी तपासलं की झालं, हे कशाला? म्हणाल्या, "पाणी फक्त आजचं सांगतं. हे वर्षभराचं सांगतात." पटलं. पाहुणा आला की घर कसंही आवरता येतं. खरं काय ते घरात राहणाऱ्याला विचारावं.

जीव मरत नाहीत. मोजून परत सोडले. म्हणून हात घातला, नाहीतर घातला नसता.

नदी पहिल्या वर्गात पास! पण ही सरावाची मोजणी, कागदावर धरत नाहीत. खरी शुक्र. ५ ला.

रवि. ३०

हे धाटावच्या कारखान्यातली पाळी करून आले. बसमध्ये सरपंच भेटलेले. कोंडावर भिंत मंजूर होतेय. वळण काढून नदी सरळ करायची, दोन्ही अंगांना दगडी भिंत, वर बाकडी. पोकलेन आणणार. एकच अडकाठी आहे, मॅडमचा कागद. नदी चांगली निघाली तर वळणाला हात लावता येणार नाही. खराब निघाली तर काम सुरू.

हे म्हणाले, "तुझ्या किड्यांवर गावाची भिंत अडकली म्हणायची."
"अडकू दे."

भिंत झाली तर बारकीचा झिरा जाणार. वळणाच्या वाळूत खड्डा करतात, पाझरलेलं पाणी वाटीने हंड्यात भरतात. अख्खी वाडी त्यावर आहे. नळ वाडीपर्यंत आलाय, पाणी आलेलं नाही.

पण शोभाचंही खोटं नाही. ती माझी धाकटी जाऊ. तिचा वाटणीचा तुकडा वळणाला लागून. यंदा पावसात नदीने बांध खाल्ला, अर्धी माती नेली. तिला भिंत हवीच. भाजी निवडताना म्हणाली, "ताई, तुमचे किडे जगूदेत हो. माझे वाल गेले तरी काय बिघडतंय!"

निवडलेल्या पाल्यातले देठ तिच्याकडून उचलून घेतले, आमटीला होतात.

बुध. ३ डिसें.

उद्या दत्तजयंती, पालखी कोंडावरून जाते. परवा मोजणी, मॅ.बरोबर आणखी दोन साहेब येणार. एका कष्टात दोन कामं होतात म्हणून गट बोलावला. सगळ्या आल्या, वाडीच्या बायकापण. खराटे, घासण्या, घमेली.

दगड इतके बुळबुळीत, वर हिरवं शेवाळ, तळाशी कुजका पाला. पाहुण्यांना हे दाखवायचं? एकेक दगड उचलून घासला. पाला ओढून काढला. काठचं गवत उपटलं. बारकी म्हणाली, "वैनी, देवाच्या भांड्यांवानी झालं बघा." खरंच तसं झालं. तळाची वाळू दिसायला लागली. शोभा बांधावरून बघत होती, आली नाही.

कंबर गेली. समाधान आहे.

गुरु. ४. दत्तजयंती, पौर्णिमा.

जन्माचं कीर्तन, सुंठवडा. पालखीवाले थांबून थांबून कोंड बघत होते. सरपंच म्हणाले, "वैनी, कमाल केलीत." मी हात जोडले. दत्ताला म्हटलं, उद्याचं तू बघ.

शुक्र. ५

काय लिहू.

मॅ. कोंडावर आल्या नि काठावरच थांबल्या. दोन साहेब पाठीमागे. मॅ.नी वाकून तळ बघितला. मग म्हणाल्या, "काकू, हे कोणी केलं?"
मी आपली पुढे. "आम्ही. गटाने."

जाळी पाण्यात धरली. ढवळलं. ओतलं. परातीचा तळ दिसत होता, नवी कोरी असल्यासारखा. तीन जागा बघितल्या. लाल अळ्या मिळाल्या, वाळूतल्या. एक गोगलगाय. तीन शेपट्यांची एकही नाही. वाळूच्या नळीतली घरवाली नाही.

पाण्यातली हवा मोजायचं यंत्र लावलं. पाणी उत्तम. पाणी पास, नदी नापास.

मग मॅ.नी समजावलं. ते बुळबुळीत शेवाळ हे त्यांचं ताट. कुजका पाला हे त्यांचं कोठार. दगडाची खालची बाजू ही खोली. आम्ही ताट, कोठार, खोली सगळं घासून पुसून, माणसांसकट बाहेर फेकलं. पाल्याची घमेली काठावर उपडी केली ना, त्यातच होते सगळे. बारकी धावत गेली, पाला चाळून आली. सुकून गेलेले.

मी मोजून परत सोडते म्हणून मिरवत होते.

एका साहेबांनी कागदावर आकडा लिहिला. मॅ. म्हणाल्या, "सर, ही खरी परिस्थिती नाही." ते म्हणाले, "आज जे आहे ते लिहायचं." त्यांचंही बरोबर. मीपण हिशेबात काल होतं-उद्या येईल असं धरत नाही.

शनि. ६

सकाळीच मॅ.ना फोन. विचारलं, परत येतात का ते? म्हणाल्या, वरच्या अंगाला नदी चांगली असेल तर वाहत वाहत खाली येतात, शेवाळ धरायला हवं, महिनाभर तरी कोणी हात लावता कामा नये. पुन्हा मोजणी मागता येते, पण ग्रामसभेने ठराव करून मागायला हवी. तोपर्यंत काम सुरू झालं नाही तर.

म्हणजे ठराव. ठीक. ते माझं काम.

वरच्या अंगाला, धबधब्याखाली, बारकीला घेऊन गेले. दगड उलटले. आहेत! घरवाल्या ओळीने. बारकी त्यांना म्हणाली, "चला गो बायांनो, खाली जागा रिकामी झालीय."

दु. घरोघर फिरले. बायकांना सांगितलं, कपडे महिनाभर पुलाखाली धुवा. कोंडात साबण नाही, निर्माल्य नाही, आणि मुख्य म्हणजे झाडू नाही. "म्हणजे घाण ठेवायची?" व्हय म्हटलं. लोक माझ्याकडे असे बघतात की हिला बाहेरचं काही झालं की काय.

रवि. १४. ग्रामसभा.

देवाला नारळ ठेवून गेले. शाळेचा हॉल भरलेला.

सरपंचांनी कागद वाचला, नदीची स्थिती खराब. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वैनी, किडे नाय म्हणजे पाणी स्वच्छ. यात वाईट काय झालं?" हशा. कुणीतरी पाठून, "किड्यांची मास्तरीण!" आमचेच हे होते. घरी आल्यावर बघितलं त्यांच्याकडे.

शोभा उठली. "नदी घासली ती ताईंनीच. आता त्याच सांगतात मोजणी खोटी. हे बरंय!"

मी उभी राहिले. म्हटलं, घासली मीच. मॅट्रिक झालेय, घर चालवते, गट चालवते, पण नदी म्हणजे मोरी नव्हे हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. रुग्णाला तपासायच्या तोंडावर मीच जुलाब दिला. तो अशक्त निघाला म्हणून त्याला स्मशानात नेणार का? पुन्हा तपासा. तेव्हाही नापास झाली तर पोकलेनला पहिला नारळ मी फोडते.

मग बारकी. ती सभेत कधी बोलत नाही. "भिंत झाली का आमचा झिरा गेला. मग आम्ही हंडे घेऊन कुठं यायचं? सरपंच दादा, तुमच्या मोरीत लावू?" सरपंच हसले, पण कानाची पाळी लाल झाली.

ठराव झाला. दुसरी मोजणी ७ जाने. तोपर्यंत काम थांबवायचं. हात वर केलेले मी मोजले, दोनदा.

शोभाने हात वर केला नाही. बाहेर चपला घालताना म्हणाली, "आणि पास झाली तर माझा बांध?" मॅ. म्हणतात काठाला निरगुडी, करंज, बांबू लावले तर माती धरतात. शोभाला सांगितलं. ती म्हणाली, "बांबू मोठा होईस्तोवर पाऊस थांबणारेय का?"

गुरु. १८. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार.

उद्यापन. सवाष्णींना हळदकुंकू, केळं. शोभा आली, ओटी घेतली, बसली नाही.

पाला विसर्जन करायला कोंडावर जायची सवय. पाय तिकडेच वळले. घराकडे फिरवले. घटाचं पाणी तुळशीला, पाला खड्ड्यात.

रवि. २८

कोंडावर लांबून नजर टाकते. शेवाळ धरलंय. आंब्याचा पाला साठलाय. एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती, तेवढी काठीने काढली. मॅ.ना फोन करून विचारलं, काढली ते चाललं ना? हसल्या. "ती खुशाल काढा काकू."

हे विचारतात, "अगो, रात्रीसुद्धा किड्यांचीच स्वप्नं पडतात का तुला?" म्हटलं, नाय, मोजून झोपते.

परवा निरगुडीच्या फांद्या तोडून शोभाच्या बांधावर खोचल्या. दुसऱ्या दिवशी बघितलं तर फांद्यांच्या बुडाशी पाणी घातलेलं होतं.

मंगळ. ६ जाने. अंगारकी.

उद्या मोजणी. तेच दोन साहेब. आज उपास, चंद्रोदय व्हायचाय. मोदकांचं सारण करून ठेवलंय, नारळ घरचा.

सांजेला कोंडावर गेले. बारकी आधीच येऊन बसलेली. पाण्यात पाला कुजलाय, दगड हिरवेगार, बुळबुळीत. माझे हात शिवशिवत होते. पदरात गुंडाळून घेतले.

बारकी म्हणाली, "एक दगड उलटून बघूया का वैनी? कोणाला कळतंय?"
नको म्हटलं. आहेत तर राहूदेत. नाहीत तर आज कळून काय करणार.

तेवढ्यात शोभा तिच्या बांधावरून उतरली. कळशी नाही, धुणं नाही. काठावर उकिडवी बसली.
"ताई, उद्या पास झाली तर माझ्यासाठी काय लिहून घ्याल मॅडमकडून?"
"तुझा बांध आधी. मग बाकीचं."
"नक्की?"
"देवळापाठी उभी आहे मी, खोटं बोलेन?"

तिने हात पाण्यात घातला, जवळच्या दगडावर नुसता ठेवला. उलटला नाही. मी बघत होते, उलटला असता तर ओरडले असते.

मग पटकन हात मागे घेतला.
"ताई, कायतरी चाललं बोटावरून."
बारकी नि मी एकदम, "काय? कसलं? शेपट्या किती?"
"अंधार पडलाय, दिसलं नाय," म्हणाली. हात पदराला पुसायला गेली नि थांबली. मग तसाच ओला हात पुढे धरून घरापर्यंत आली.