उतरल्यावरची अंघोळ

२ नोव्हेंबर

व्हिसा आला! खडकीच्या क्वार्टर्समध्ये कुरियरवाल्याला आमचं दार सापडेना, म्हणून मीच कोपऱ्यापर्यंत पळाले. तिथेच पाकीट फाडलं. पप्पा फॅक्टरीतून पहिली शिफ्ट संपवून येत होते. म्हणाले, "आता कुठे?" म्हटलं, "लंडन." म्हणाले, "परवा हंपी म्हणत होतीस." आणि सायकल आत लावली.

हंपी झालं की, पप्पा. मागच्या वर्षीच.

माझं असंच आहे. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं. मग ट्रेकवाल्यांकडे, मग गोकर्णला होस्टेलात चादरी बदलायला, मग एका बेकरीत (तिथला कुत्रा फार गोड होता, नाव पाव). सध्या वारज्याला कांताबाईंकडे. सकाळी त्यांना फिरवून आणायचं आणि पेपर वाचून दाखवायचा, एवढंच काम. मार्केट यार्डात त्यांच्या यजमानांचा गुळाचा गाळा होता. यजमान गेले, गाळा विकला, आता आजी एकट्याच. मुलगी हेमाताई लंडनला. आजींचे गुडघे असे की ताटकळत बसवत नाही, म्हणून हेमाताईंनी बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. एकटीला पाठवायची भीती, म्हणून शेजारचं तिकीट माझं.

विमानात मी आडवी होऊन झोपणार. मी! आईला सांगितलं तर म्हणाली, "एसटीत पण झोपतेसच की."

५ नोव्हेंबर

आज आजींचं बिनसलं होतं. कारण हेमाताईंचा फोन. स्पीकरवर होता, मीही ऐकला. "आई, महिनाभर बघते तुला. सगळं नीट वाटलं तर परत पाठवते. नाहीतर पुण्याचं घर बंद करायचं. तू इथेच राहायचं."

फोन ठेवल्यावर आजी म्हणाल्या, "बघते म्हणे. मी काय स्थळ आहे?"

गॅलरीतून हायवेकडे बघत बसल्या. त्या हायवेला रोज शिव्या देतात, पण आज म्हणाल्या, "या आवाजाशिवाय मला तिथे झोप लागायची नाही."

मागच्या आठवड्यात दूध जळालं होतं. मी पोचले तेव्हा घरभर धूर, गॅस चालू, आणि आजी शांतपणे शेंगा सोलत बसलेल्या. आज माझा हात धरून म्हणाल्या, "ते हेमाला सांगायचं नाही." मी म्हटलं, नाही सांगणार. एकदा जळतं कुणाचंही. माझी तर मॅगी जळते.

"आणि आणखी एक. मी तिच्यासमोर पारोशी जाणार नाही." आजींचा हा नियम कडक आहे. अंघोळ झाल्याशिवाय देवाला हात नाही, चुलीला हात नाही, दारात आलेल्या पाहुण्यासमोर जायचं नाही. आमच्याकडेही आई अंघोळीशिवाय बुद्धवंदनेला बसू देत नाही, पण आजींचं प्रकरण वेगळंच. "रात्रभर प्रवास, चुरगळलेलं लुगडं, केस पिंजारलेले. बघितल्या बघितल्या म्हणेल, म्हातारी संपली."

म्हटलं, हेमाताईंच्या घरी पोचल्यावर करा की अंघोळ. म्हणाल्या, "घरी कशाला थांबेल ती? विमानतळाच्या दारातच बघणार मला."

खरं आहे.

६ नोव्हेंबर

सापडलं! दिवसभर फोनवर शोधत होते (मध्येच पेंग्विनचा एक व्हिडिओ बघितला, त्यात दुपार गेली). मोठ्या तिकिटावर, विमान उतरल्यावर, एक लाउंज मिळतो. अंघोळीची खोली, कपड्यांना इस्त्री, नाश्ता. विमानात चढण्याआधीचा लाउंज ऐकून माहीत होता. पण उतरल्यावर? उतरल्यावर माणूस घरी जातो ना? तिकीटवाल्या बाईंना फोन करून खात्री केली. म्हणाल्या, "हो मॅडम, दोघींनाही आहे." मला मॅडम म्हणाल्या!

आजींना सांगितलं. त्यांनी खोबऱ्याच्या वडीचा अख्खा डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं शाळेत घालवलीस, त्यापेक्षा हे बरं."

हेमाताईंना विमानतळावर जरा उशिराची वेळ कळवली. एवढं चालतं.

१० नोव्हेंबर

विमानात. बटण दाबलं की खुर्चीचा पलंग होतो. आजी म्हणाल्या, "एवढ्या परक्या लोकांत आडवी होऊ?" आणि ताठ बसून राहिल्या. आता घोरतायत. त्यांचे पाय सरळ झालेत. तीन महिन्यांत पहिल्यांदा बघितले असे.

खिडकीतून खाली कुठला तरी देश आहे. दिवे आहेत. कुठला, ते विचारायला हवं होतं.

११ नोव्हेंबर

उतरल्यावरच्या लाउंजमध्ये बसून लिहितेय. आजी नाश्ता करतायत. सगळं आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर माझं काही खरं नाही.

आजी व्हीलचेअरवर, मी मागे, आमच्या दोन पिशव्या आणि लोणच्याची बरणी. काचेच्या दारातल्या मुलीनं पास बघितले आणि नुसतं हसून आत सोडलं. मी वाटच बघत होते की कुणीतरी म्हणेल, तुम्ही कुठे? कुणीच म्हणालं नाही.

एकेकाला स्वतंत्र न्हाणीघर. भिंतीत एक छोटं कपाट. इस्त्रीचे कपडे त्यात ठेवायचे, पलीकडून कुणीतरी काढून नेतं. आजींनी धुतलेलं नऊवारी ठेवलं, दार लावलं. थोड्या वेळानं उघडून बघितलं तर कपाट रिकामं. "उतरून तास झाला नाही आणि लुगडं गेलं चोरीला." तेवढ्यात दारावर टकटक. इस्त्रीवाली बाई लुगडं छातीशी धरून उभी. तिला विचारायचं होतं, हा पडदा आहे का? मी आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, "हो म्हण. बंगल्याचा आहे, म्हणून एवढा लांब."

मग खरी पंचाईत. बादली नाही, तांब्या नाही! वरून नुसता फवारा. आजी म्हणाल्या, "असं उभं राहून भिजतात ती गुरं. मी माणसासारखी अंघोळ करणार." मी बाहेर पळाले. माझं इंग्रजी म्हणजे बकेट, बाथ, ओल्ड लेडी, प्लीज. नाश्त्याच्या टेबलाजवळच्या मुलानं आधी डोकं खाजवलं. मग बर्फाची स्टीलची बादली आणि दुधाचा जग आणून दिला. बादली त्यानं स्वतः पुसून दिली. देव त्याचं भलं करो, आमच्यात देव नसला तरी!

आजी स्टुलावर बसल्या. मी बादली भरायची आणि जगनं पाणी घालायचं. "पाठ घास. जोरात. मी काय काचेची आहे?" पाठ घासली. केस विंचरले, अंबाडा घातला. लुगडं आलं होतं, कडक इस्त्रीचं. आजींनी ते आरशात न बघता नेसलं, निऱ्या अशा की एक इकडची तिकडे नाही. खरंच, घरातल्या मोठ्या समारंभाला निघाल्यासारख्या दिसत होत्या.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे गाळ्यावरून आले का? चहा टाकू का?"

'हे' म्हणजे वारज्याच्या भिंतीवरचे, हार घातलेले.

थोड्या वेळानं त्यांनी न्हाणीघर नीट बघितलं. टॉवेल, आरसा, बर्फाची बादली. "काही बोलले का गं मी?"

"नाही आजी."

"बरं." आणि पदर सारखा केला.

मग मला म्हणाल्या, तूही अंघोळ कर, मी दाराशी बसते. केली. आमच्या घरी माणशी एक बादली गरम पाणी. इथे संपेचना! डोक्यावरून येतच राहिलं. कुणाला थँक्यू म्हणायचं कळेना, म्हणून नळाला म्हटलं. रडूही आलं थोडं, पण पाण्यात कळत नाही.

आजी खुणावतायत. निघायचं.

११ नोव्हेंबर, दुपारी

हेमाताई दारात उभ्या होत्या. आजी व्हीलचेअरवरून उतरून चालत गेल्या. हेमाताईंनी तोंडावर हात ठेवला. "आई, अगं, तू तर मला घ्यायला आल्यासारखी दिसतेस." मिठी मारून माझ्याकडे बघत होत्या, डोळ्यांत पाणी. गाडीत म्हणाल्या, "मी उगाच घाबरत होते. एवढी टवटवीत आहे, तर इथे ठेवून कशाला घेऊ."

आजींनी मागच्या सीटवर माझ्या हातावर थाप मारली.

सगळं ठरवल्याप्रमाणे झालं. मग मला खिडकीबाहेर बघावंसं का वाटत नाहीये?

१५ नोव्हेंबर

हेमाताई चांगल्या आहेत. मला लाल बस दाखवली, स्वतःचा कोट दिला, तो राहू दे म्हणाल्या. काल स्वयंपाकघरात एकट्या होत्या. सांगावंसं वाटलं. मग त्यांनी बागेत येणाऱ्या खारीचा फोटो दाखवला आणि मी खारीवर अर्धा तास बोलले.

आजी खूष. जावयाला पिठलं करून घातलं. इथे विजेची शेगडी आहे, आपोआप बंद होते.

१७ नोव्हेंबर

परत पुण्यात. येताना साधं तिकीट, मधली सीट. निघताना आजी म्हणाल्या, "कढीपत्त्याला पाणी घाल. महिन्यानं येते." घराची किल्ली दिली.

१८ नोव्हेंबर

वारज्याला गेले. कढीपत्ता ठीक. ओट्याखाली फडकं शोधत होते. पिठाच्या डब्यामागे पातेली होती. दूध जळालं ते मला माहीत होतं, ते एक. पण होती तीन. तिन्हींचं बूड काळं, एकाला तर भोक पडायच्या बेतात. घासायचा प्रयत्न केलेला, मग लपवलेली.

जमिनीवर बसून राहिले. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ रांगताना आपटत होतं, तो आवाज येत होता. बाकी हायवे.

१९ नोव्हेंबर

हेमाताईंना फोन केला. दूध, पातेली, 'हे गाळ्यावरून आले का', अंघोळ कशासाठी केली ते, सगळं. त्या म्हणाल्या, "तू तिला शब्द दिला होतास ना?" म्हटलं, हो. म्हणाल्या, "बरं झालं मोडलास."

आजी आता परत येणार नाहीत. हे मी केलं.

२० नोव्हेंबर

आजींना फोन लावला. उचलला. म्हणाल्या, "तुला पाठ घासायला नेलं होतं, चहाड्या करायला नाही." ठेवला.

२४ नोव्हेंबर

उचलत नाहीत.

ट्रेकवाल्यांनी विचारलं, हिमाचलला येतेस का, दोन महिने. एरवी पिशवी भरूनच फोन ठेवला असता. म्हटलं, कळवते. आई म्हणाली, "तब्येत बरी आहे ना?"

राग येईल तेवढा येऊ दे आजींना. त्यांची पाठ घासायला मिळाली, याबद्दल मी आभारीच आहे. कुणी इतक्या सहज पाठ पुढे केली नव्हती कधी. आणि घर पेटलं असतं तर मी कुठल्या डोंगरावर असते, कुणास ठाऊक.

२९ नोव्हेंबर

कढीपत्त्याला पाणी. नवी पानं आलीत. पातेली फेकली नाहीत.

४ डिसेंबर

सकाळी फोन. हेमाताईंचा नंबर, आवाज आजींचा. "ए चुगलखोर, ऐक. डॉक्टरला दाखवलं. डोकं जाणार आहे म्हणे, पण हळूहळू. म्हटलं, मग पुण्यातच जाऊ दे, तिथले रस्ते त्याला माहीत आहेत. हेमा रोज डोळे पुसते, पण पाठवतेय. एका अटीवर. तू तिथे राहायचं, माझ्याबरोबर. सकाळी कुठे उंडारायचं ते उंडार, संध्याकाळी गॅस बघायला घरी यायचं. जमेल का तुला एका जागी?"

हो म्हटलं. विचार नंतर केला. अजूनही होच येतंय.

रविवारी हेमाताई त्यांना घेऊन मुंबईला उतरतायत. तिथे उतरल्यावर तसली खोली आहे का, विचारलं. या तिकिटावर नाही म्हणाले. आईकडून धाकटी बादली आणि तांब्या मागून घेतला. आई म्हणाली, "विमानतळावर? बादली?" पप्पांनी काही न विचारता बादलीची कडी घट्ट करून दिली.