दिपालीच्या बुटांना एरंडेल

४ जानेवारी २०२६, रविवार

दिपीच्या पायाची बोटं आज उजेडात बघितली. अंगठ्याचं नख काळं पडलंय. करंगळी शेजारच्या बोटाखाली मुडपून बसलेली, ती सरळ व्हायचं विसरूनच गेली आहे. म्हटलं, "बूट ल्हान झालेत तुला, बदलून घे." तर हसती कशी — "आज्जे, असेच घ्यायचे असत्यात. दोन नंबर ल्हान. बोटं मुडपली की जोर बसतो."

पायापेक्षा लहान बूट मुद्दाम विकत घेणारी माणसं मी या वयात पहिल्यांदा बघितली.

ती चढते. खरे कडे चढायला सुट्टीत बाहेरगावी जाते. पण सोलापुरात कडे कुठून आणणार, म्हणून विजापूर रोडला एका शेडमध्ये उंच भिंत उभी केली आहे, तिला रंगीत गठळ्या ठोकल्यात. त्या धरून, कमरेला दोर बांधून पोरी पालीसारख्या वर जातात. गुरुशांत सर शिकवतात. आणि अर्ध्या भिंतीवर लटकून ही बया भाषण करते. तिची मैत्रीण यास्मीन खालून मोबाईलवर घेते. मग ते हजार माणसं बघतात. राजकारण, गाणी, लग्नं, नळाचं पाणी — कशावर पण बोलते. मी पण ऐकते. तिला सांगत नाही एवढंच.

ही वही तिनंच दिली. म्हणाली, "तुला पण लई मतं हाईत. हितं लिही, माझं डोकं खाऊ नको." तिसरी शिकलेल्या बाईला वही देऊन काय होणार. पण लिहिते आहे.

७ जानेवारी, बुधवार

पंधराला महापालिकेचं मतदान. आज एक उमेदवार आला, सरळ पायावर. "आशीर्वाद द्या आजी." म्हटलं, "मागच्या टायमाला पण पाया पडला हुतास. तवापासनं नळ पाचव्या दिशी येतोय. आता पाया पडू नको, तो पाइप बघ." मागची माणसं हसली. तो पण हसला. निबर आहे, निवडून येईल.

दिपीनं संध्याकाळी भिंतीवरून सांगितलं — "हितं कोण किती चढलं ते सगळ्यांना दिसतंय. कुणाचा मामा कोण हाय, ते या गठळीला कळत न्हाय. इलेक्शन असं पायजे." बरं बोलली. पण गठळ्या ठोकणारा पण कुणाचा तरी मामा असतोच, ते तिला अजून कळायचंय.

११ जानेवारी, रविवार

गड्ड्याची जत्रा सुरू होणार म्हणून आत्तापासूनच कर्णे. ताटातली वाटी हलते. दिपीचं म्हणणं असं, की ज्या गाण्यात गाणारा श्वास घेत नाही ते गाणं खोटं. चढताना ती गाणं लावत नाही, स्वतःचा श्वास ऐकते.

मी कड्यावर गाणं म्हणायची. सांगोल्याकडे आमचं मेंढरांचं घर. बकरीचं पिल्लू वर कातळाच्या खाचेत अडकलं की मला पाठवायचे, मी अंगानं हलकी. गाणं यासाठी, की पिल्लाला कळावं माणूस येतंय, नाहीतर ते बिचकून उडी टाकतं. दोर नाही, बूट नाही. चार पुरुष उंच कडा. दिपी जे सरांकडून शिकते ते मला कुणी शिकवलं नाही. बोट कुठं रुतवायचं, पोट दगडाला किती चिकटवायचं, ते दगडच सांगायचा.

आईचा एकच नेम. वर जायच्या दिवशी पायाला तेल नाही. डोक्याला लावलं तरी हात राखेनं घासायचे. नवव्या वर्षी मी भेगांना तेल लावलेलं विसरून चढले. हनुवटीवर वण आहे त्याचा. दिपी विचारते तेव्हा सांगते, उंबऱ्यावर पडले. खरं सांगितलं तर मोबाईलवर जाईल.

बाराव्या वर्षी लग्न. परत चढले नाही. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं पण नाही.

१४ जानेवारी, बुधवार

गुरुशांत सर तीळगूळ घेऊन आले. खुर्चीच्या कडेला बसले. "आजी, पंचवीसला पुण्यात निवड हाय. महाराष्ट्रातनं दोनच पोरी घेणार. घेतली तर बंगळूरला दोन वर्षं चढाई शिकायला. राहणं, जेवण, कॉलेज सगळं तेच बघतात. तुमचं काय म्हणणं?"

बिभीषणला, म्हणजे माझ्या लेकाला, दिपीच्या बापाला फोन लावला. तो ट्रक घेऊन गुजरातेत. म्हणाला, "आई म्हणंल तसं." नेहमीचं. बायको गेली तेव्हा पण हेच म्हणाला. पोर तेव्हा तिसरीत होती. तेव्हापासून या दोन खोल्यांत आम्ही दोघी.

मी म्हटलं, "जाऊ द्या की. मी काय धरून ठिवलीय व्हय?"

दिपी सरांच्या मागे उभी होती. तोंड हसून फाकलं होतं.

दोन वर्षं. एक भाकरी थापायची. एका भाकरीसाठी तवा तापवायचा.

१५ जानेवारी, गुरुवार

मत दिलं. कुणाला ते वहीला पण सांगणार नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला. सर, यास्मीन, ही. आज सकाळी ती कॉलेजला होती. बूट खिडकीत ठेवलेले.

आमचा बाप नव्या वहाणा आणल्या की आठ दिवस एरंडेल चोळायचा. चावणारी वहाण मऊ पडते. आमच्यात सगळेच करतात. मी बाटली काढली. चोळलं, फडक्यानं पुसून घेतलं, बूट पिशवीत ठेवून वर तिची ती झेंडूबामची डबी ठेवली. पिशवीला तोच वास.

बोटं सुटतील जरा तिची.

२५ जानेवारी, रविवार

दुपारी यास्मीनचा फोन. "आज्जी, दिपाली तिसऱ्याच पकडीवरनं सुटली. पाय गेला. दोर होता, लागलं कायच न्हाई. पण एकदा सुटलं की संपलं ना तिथं."

मी विचारलं, जेवली का. म्हणाली, नाही.

२६ जानेवारी, सोमवार

आली. पिशवी पलंगाखाली सरकवली. मी भाकरी, पिठलं ठेवलं. खाल्लं. मी म्हटलं, "काय झालं गं?" म्हणाली, "कायच न्हाय. पाय टिकला न्हाय."

सरांनी गाडीत तिला सांगितलं म्हणे — मनगट चांगलं आहे, पण दडपण आलं की पाय दगा देतात, हे काहींचं सुटत नाही.

हे तिनं मला सांगितलं भिंतीकडे बघून.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ताट उचलून मोरीत गेले. घासलेलंच ताट परत घासलं.

१ फेब्रुवारी, रविवार

भिंतीवर गेली नाही. पहिला रविवार.

८ फेब्रुवारी, रविवार

नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी पेठेत कपड्याच्या दुकानात लागली. दिवसभर घड्या घालते. कॉलेज सकाळचं, मग दुकान. घरी येते, जेवते, झोपते. राजकारण नाही, गाणं नाही. नवा नगरसेवक सत्कार घेत गल्लीतून गेला, फटाके झाले. मी मुद्दाम म्हटलं, "बघ तुझ्या गठळीवर कोण चढलं." ती म्हणाली, "असू दे की."

असू दे की. हिच्या तोंडात हा शब्द नव्हता.

मी तिचे जुने व्हिडिओ लावते, ती नसताना. एकात म्हणते — "माझी आज्जी म्हणती, पोरीच्या हाताला घट्टे असले की पाहुणे परत जातात. म्हटलं, बरंय की, दार उघडायचे कष्ट वाचले." चार वेळा बघितला. मोबाईल तापला.

मला घरात ती पाहिजे होती. आहे घरात. ही ती नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बार्शीहून केराबाई आली होती, माझी मावसबहीण. स्थळ घेऊन. आडत्याच्या दुकानात मुनीम आहे मुलगा. दरवेळी दिपी तिला दारातून पळवते. मी वाट बघत बसले, आता काहीतरी बोलेल. ती चहा घेऊन आली, म्हणाली, "कवा येणार म्हणताय? दाखवा मला. दुसरं काय जमतंय मला."

केराबाईनं कपाळावरनं हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. लई खूश. एक मार्चला पाहुणे येणार.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दिपी मोरीत बसून वजरीनं हात घासत होती. टाचा घासायची वजरी, ती तळहाताला. घट्टे काढत होती. पांढरी कातडी पाण्यात पडत होती. मी म्हटलं, "कशाला?" म्हणाली, "पाहुण्यांना मऊ हात लागत्यात न्हवं? तूच म्हणतीस."

मीच म्हणते.

नंतर यास्मीन आली. दारातच उभी. "आज्जी, तुम्ही तरी बोला की तिला. मी दोर धरला होता तिचा. ती घाबरली नव्हती, खुदा कसम. मला दोरातनं कळतं. पाय बर्फावर ठेवल्यासारखा गेला. पण ती मानतच न्हाई. म्हणती, सर बोलले ते खरं, माझ्या पायातच खोट हाय."

यास्मीन गेल्यावर पलंगावर बसले. खाली पिशवी तशीच. महिना झाला, कुणी उघडलेली नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं.

ती परत वजरी घेऊन बसली होती. मी पिशवी तिच्यापुढे ठेवली. "त्या बुटाला मी एरंडेल लावलंय. जायच्या आदल्या दिशी."

ती बघतच राहिली. "काय?"

"वहाणांना लावत्यात तसं. मऊ पडतंय म्हणून."

बूट काढला. नखानं रबर खरवडलं, नाकाला लावलं, बोटं एकमेकांवर चोळली. आणि खाली बसूनच हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "आज्जे, रबराला तेल? अगं रबराला कोण तेल लावतं?" मग नुसतं एकच — "म्हंजे माझे पाय न्हवते. आज्जे, माझे पाय न्हवते." दहा वेळा म्हणाली. मला वाटलं होतं आदळआपट करील. मी त्याच्या तयारीनं उभी होते. तिनं ओल्या हातानं माझ्या कमरेला मिठी घातली. "येडी हायस तू. बोटं दुखत्यात म्हणून केलंस न्हवं?"

मी "व्हय" म्हटलं.

सरांना फोन लावला. ते म्हणाले, चूक माझी, मी बूट न तपासता पोरीला नाव ठेवलं. एप्रिलमध्ये नाशिकला अजून एक निवड आहे. यास्मीनचे जुने बूट घालून उद्यापासून ये. केराबाईला पण तिनंच फोन केला — "मावशीआज्जी, पाहुण्यांना सांगा, पोरगी भिंतीवर हाय, बघायची तर मान वर करून बघा."

१ मार्च, रविवार

व्हिडिओ आला. महिन्यानंतर. अर्ध्या भिंतीवर लटकून सांगते — माझी आज्जी, तिसरी शिकलेली, माझी बोटं बघवेनात म्हणून तिनं मायेनं माझ्या बुटांना एरंडेल चोळलं, आणि मी सगळ्या महाराष्ट्रासमोर आपटले. पुण्याचं तिकीट फुकट गेलं, पण अशी माया कुठल्या दुकानात मिळत नाही.

लोक वेडे झालेत. माझी आजी पण लावायची, माझी पण. अशी आजी सगळ्यांना मिळो. हात जोडलेली चित्रं, बदामाची चित्रं. सकाळी भाजीवाली म्हणाली, "तुमीच न्हवं का त्या तेलवाल्या आज्जी?" आणि वर मूठभर कोथिंबीर घातली. मी घेतली.

दिपी संध्याकाळी जेवताना नव्या नगरसेवकाला, कर्ण्यांना आणि नळाच्या पाण्याला शिव्या देत होती. आवाज मोरीपर्यंत जात होता. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

३ मार्च, मंगळवार

वहाणेला तेल वरून लावतात. चामड्याला, जिथं चावतं तिथं. तळाला कुणी लावत नाही.

मी त्या दिवशी तळाला लावलं. दोन्ही बुटांच्या. बोटानं, जिरेपर्यंत. आणि हनुवटीवरच्या वणाला हात लावून बघितला, मग बूट पिशवीत ठेवले.