विगवर घुगऱ्या

तांडा, हट्ट्याजवळ
९ मार्च २०२५

चि. ज्योतीस, तुझ्या बाईचे अ. उ. आ.

तू दिलेला विग डब्यात घालून एसटीने परत पाठवते आहे. उघडल्यावर ओरडू नकोस. फोनला रेंज फक्त चौकात, आणि तिथं बोललं की अख्खा तांडा ऐकतो, म्हणून डब्यातच हे पत्र.

कीमोत केस गेल्यापासून माझ्या केसांत गुंफायच्या चांदीच्या घुगऱ्या पेटीत पडून आहेत. पुजाच्या लग्नात कानांवर घुगऱ्या नसल्या तर विहीण काय म्हणेल? नवरा धडधाकट असताना बिनघुगऱ्यांची आई! म्हणून विगलाच त्या गुंफून पाहिल्या. केस निसटायला लागले, तर खोबरेल चोपडलं. वाफेनं बट बसते असं तूच म्हणाली होतीस, म्हणून हळद शिजत होती त्या कढईवर धरला. पुढचे केस चिकटून दोरी झाली. तुझे दाजी म्हणाले, कासरा कराया बराबर हाय. मला रडू येऊन राहिलं आणि यांना चेष्टा सुचते.

लग्न २० एप्रिलला. काहीतरी कर. रागाव हवं तेवढं, पण बहिणीला टाकू नकोस.

तुझी,
जिवनबाई


वसमत
१३ मार्च २०२५

ती. बाईस, ज्योतीचा सा. न. वि. वि.

डबा उघडला आणि माझ्या पार्लरमधल्या गिऱ्हाईक बायासुद्धा दचकल्या. बाई, ते केस प्लास्टिकच्या धाग्याचे आहेत! त्यांना तेल कशाला? आणि वाफ म्हणजे जराशी, लांबून. मणभर हळदीच्या कढईवर नव्हे. कपाळावर हात मारून घेतला मी.

चिकटलेली टोकं कापली, उरलेला विग वाचला. आता तरी ऐक. थंड पाण्यात थोडा शाम्पू घालून नुसता बुडवायचा. चोळायचा नाही, पिळायचा नाही. पालथ्या तांब्यावर सावलीत वाळवायचा. पूर्ण वाळला की मोठ्या दातांच्या फणीने टोकांकडून वर विंचरायचा. बट हवीच असेल तर तो तांब्यावर असतानाच केस कागदाच्या सुरळीवर गुंडाळ, गरम पाणी ओत, उकळतं नाही, आणि गार होईपर्यंत हात लावू नकोस. डोक्यावर असताना तर मुळीच करू नकोस. चुलीपाशीही तो घालून बसू नकोस.

घुगऱ्यांचं वजन विगला पेलणार नाही. सोबतची कापडी पट्टी आधी डोक्याला बांध, घुगऱ्या तिला अडकव, वरून विग. रीता बाळंतपणाला माहेरी आली आहे, तिचे दिवस लग्नाच्याच सुमारास भरतील, त्यामुळे मला लग्नाला येता येईल असं वाटत नाही. त्याचा जिवाला फार त्रास होतो. तब्येत सांभाळ, माझ्यावर रुसू नकोस.

तुझी,
ज्योती


तांडा, हट्ट्याजवळ
२२ एप्रिल २०२५

चि. ज्योतीस अ. उ. आ.

नातू झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. रीताला थंड वाऱ्यात बसू देऊ नकोस.

लग्न चांगलं झालं. तू लिहिलंस तसंच सगळं केलं, एक थेंब तेल लावलं नाही. घुगऱ्या झुलत होत्या. विहिणीने दोनदा वळून पाहिलं आणि मी ताठ मानेने मिरवले.

मग पाठवणी. पुजा गळ्यात पडून रडायला लागली आणि विग मागे सरकला. मी दोन्ही हातांनी तो धरला. पोरगी म्हणाली, याडी, आई गं, मला धर ना. कसं धरू? हात कुठे होते मला? शेवटी विग उपटला, तुझ्या दाजींच्या हातात कोंबला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर बोडक्या डोक्याने लेकीला धरलं. विहिणीने येऊन आपल्या ओढणीचा पदर माझ्या डोक्यावर टाकला. तीही रडत होती.

एवढं पानभर लिहिलंस ज्योती, पण लेक गळ्यात पडल्यावर विग कुणी धरायचा ते काहून लिहिलं नाहीस?

बाळाला घेऊन लवकर ये.

तुझी,
जिवनबाई