आश्रमातली बुंदी

वृद्धाश्रम, सेलू
वैशाख, १९५६

चिरंजीव नीळकंठास,

आशीर्वाद देतो, पण आज रागाने देतो.

काल तुझा मुनीम बुंदीची टोपली घेऊन आश्रमात आला. आम्हा म्हाताऱ्यांची पंगत बसली. मी मान खाली घालून पानावर होतो, पण माझे कान अजून शाबूत आहेत. मुनीम आचाऱ्याला हळूच म्हणाला, "मालकाच्या पोरीचं लगन झालं. समुद्रपूरचे देशमुख व्याही. पन त्या रूपरावले सांगू नको, त्याचीच नात हाय."

अरे, माझ्या वेणूचं लग्न, आणि त्याची बुंदी मला दानधर्मात? कापसाच्या गाड्या हाकून तुला सरकी काढायच्या जिनाचा मालक केला, आणि व्याह्यांपुढे हा गाडीवान बाप तुला नकोसा झाला?

शेजारच्या भागाबाईने विचारलं, "काऊन जी भाऊ, जेवून नाई राह्यले? कोनाचं लगन हाय?"

मी पानावरून उठलो. लग्नघरचा माणूस पाहुण्यांच्या आधी जेवत नाही, एवढी रीत मी विसरलो नाही. उपरणं कमरेला बांधलं, मुनिमाच्या हातची टोपली ओढली आणि स्वतः वाढायला लागलो.

"घे वो भागाबाई, लाजू नको. माह्या नातीचं लगन हाय!"

मुनिमाचं तोंड पाहण्यासारखं झालं. "बुढ्या, मालक माह्यी नोकरी खाईन ना!" म्हणाला. त्यालाही आग्रह करून वाढलं.

हे पत्र टपालात टाकतो आणि लगेच निघतो. ते तुला पोचायच्या आत मी समुद्रपूरला पोचलेला असेन, वेणूचा आजा म्हणून, तिच्या सासऱ्याच्या ओसरीवर.

तुझा जिवंत बाप,
रूपराव