ह्यांचा पाय

५ जुलै १९५७
आज ह्यांचं प्लास्टर काढलं. पाय कसला, वाळकं लाकूड! गोठा शाकारताना वरून पडले तेव्हा एवढं वाटलं नव्हतं. लोणावळ्याचे डॉक्टर म्हणाले — रोज चालवा, नाहीतर गुडघा असाच आखडून राहील. मी म्हटलं, चालतील. न चालून जातात कुठं!

८ जुलै
ओढ्यापर्यंत नेलं. सारखे कुरकुरतात, "जीव घेतीस का माझा?" मग काय करू? लावणी तोंडावर आली. चिखलात मी एकटी उतरू?

११ जुलै
फ्ल्यूचा ताप गावात शिरला. घरोघरी खोकला. गावानं देवीचा मोडा धरलाय — औत बंद, वेशीबाहेर जायचं नाही, उगा फिरायचं नाही. ह्यांना आयतंच सापडलं! खाटेवर पडून छपराकडे बघतात.

१२ जुलै
घरातच चालवते. चूल ते गोठा, गोठा ते चूल. म्हशीला वळसा घालून परत. शेजारची सरूबाई कुडावरून ओरडली, "अगं कस्तुरे, मोड्यात नवऱ्याला घाण्याला जुंपलंस व्हय? देवी कोपंल!" मी पण सोडलं नाही — "तुझा दादला धडधाकट असून लोळतोय, त्याला बघ आधी!"

१५ जुलै
सरूबाईच्या दादल्याला, गेणूला, ताप आहे. म्हणून लोळत होता. मला काय ठाऊक! पेज नेऊन दिली. तिनं भांडं घेतलं, बोलली नाही.

१६ जुलै
हे चालले नाहीत. मीही चला म्हटलं नाही.

१८ जुलै
सकाळी गेणू गेला. तिरडी बांधून दारात, आणि उचलायला माणूस नाही! निम्मं गाव अंथरुणात, बाकीच्यांनी दारं लावून घेतली. कसेबसे तिघं आले. चौथा खांदा कुणाचा? सरूबाई आमच्या दाराकडे बघत राहिली.

हे उठले. काठी भिंतीला टेकवली. मी दंड धरला — "तुमी नका. पाय मुरगाळंल." पायाची भीती नव्हती मला. त्यांनाही कळलं.

"इतकं दिस चाल चाल केलंस," म्हणाले. "आता सोड."

सोडला. नदीची वाट सगळी घसरडी. दिसत होते तोवर मी बघत होते. लंगडले, पण खांदा खाली आला नाही.

२० जुलै
सरूबाई कुडाशी आली. आपणहून बोलली. "भाऊंचा पाय दुखतो का गं?"

म्हटलं, पाय चांगला आहे.

अंग तापलंय.